उशीची गाठ

आधीच सांगतो, कोणी भुताखेताचं सुरू केलं की तिथून उठून जाणारा मी माणूस. जळगावात पाइपच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होतो. हाताला लागेल तेच खरं, एवढंच मला माहीत. तरी हे लिहितोय... हसायचं असेल तर हसा.

गेल्या उन्हाळ्यात बाथरूममध्ये घसरलो. उजवा खुबा मोडला. डॉक्टरांनी नवा सांधा बसवला आणि दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं केलं! पण पथ्य कडक — सहा आठवडे मांडी घालायची नाही, गुडघ्यापर्यंत वाकायचं नाही, झोपताना दोन पायांमध्ये उशी बांधायची. पाय आत वळला की सांधा निसटतो म्हणे. पुण्याच्या मुलाने बजावलं, "नाना, परत काही झालं तर घर बंद. माझ्याकडे यायचं."

मला हे घर सोडायचं नव्हतं. माझी बायको सुमन तीन वर्षांपूर्वी याच घरात गेली.

कामाला धुळ्याकडच्या मावशी येत. दुपारी जेवू घालून, उशी बांधून जात. सुरगाठ मारायच्या, टोक ओढलं की सुटायची. त्या गेल्या की मी ती सोडायचो, उशी खाली फेकायचो, दाराला आतून कडी घालायचो आणि तसाच आडवा व्हायचो. जळगावचा मे महिना, उकडून जीव जायचा!

एके दुपारी जाग आली तर उशी पायांत. गुडघ्यापाशी पक्की बांधलेली.

संध्याकाळी कडी काढून मावशींना आत घेतलं. गाठ मला सुटेना, म्हणून कशीबशी वर सरकवून तसाच वॉकर धरून दारापर्यंत गेलो होतो. म्हटलं, "दुपारी परत आला होतात का?"

"नाना, कडी ते मझारथीन लायेल ऱ्हास. मी कशी येसू?" खरंच, कडी तर आतूनच होती. मग खाली बघून म्हणाल्या, "आनि हाई गाठ मनी नही."

नव्हतीच. कापूस वेचताना बायका कमरेला ओटी बांधतात ना, तिची ती गाठ — दोन वेढे, टोक आत खोचलेलं. सुमन सोनगीरची, लहानपण वेचणीत गेलेलं. माझ्या डब्याचं फडकंही ती तसंच बांधायची. मला ती गाठ कधी जमली नाही. शिवाय खाली पडलेली उशी मी उचलणार कशी?

भीती वाटली नाही. रडू आलं, खोटं कशाला बोलू.

मग रोज मुद्दाम फेकायला लागलो. "सुमे, फेकली बघ," म्हणायचो. जाग आली की गाठ तयार. बोलायला माणूस मिळालं होतं हो मला!

सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी एक्स-रे बघितला. "झकास, नाना! आता उशी बंद."

त्या दुपारी उशी फेकून झोपलो. उठलो तर जिथे टाकली तिथेच. दुसऱ्या दिवशीही तिथेच.

हे काय होतं, मला आजही सांगता येत नाही. मुलगा फोनवर म्हणतो, तुम्ही अगदी बरे झालात. झालो खरा. दुपारी अजून उशी खाली टाकतो. संध्याकाळी ती मीच वाकून उचलतो.