अक्काची हनुवटी

अक्का गेली त्यानंतर वर्षभर मी एकही रेघ ओढली नाही. लोक सल्ले द्यायला मागेपुढे बघत नव्हते. "चित्र काढ, मन रमेल." मन रमवायला चित्र म्हणजे काय पत्त्यांचा डाव आहे? एकदा मी डबा उघडला, सगळ्या पेन्सिलींना टोकं काढली आणि डबा परत कपाटात ठेवून दिला. काढावंसं वाटतच नव्हतं. भूक मरते तसं काहीतरी झालं होतं.

अक्का माझी थोरली बहीण. लग्न दोघींचंही झालं नाही, तिचं नाइलाजानं आणि माझं हट्टानं. तिच्या ओठाच्या कोपऱ्यापासून हनुवटीपर्यंत कोड होतं. आईनं त्याची इतकी धास्ती घेतली होती, की घरातल्या प्रत्येक फोटोत अक्का एका बाजूला तोंड करून उभी. तिला बघायला लोक यायचे तेव्हाही तिला तशीच तिरकी बसवायचे. आलेली मंडळी काय आंधळी होती? बशीभर गोड केसरीबात खाऊन जायची आणि चार दिवसांनी नकार कळवायची.

मी मात्र तिला समोरून काढायची. संध्याकाळी ऑफिसातून आले की ती अवरेकाईच्या शेंगा सोलत बसलेली असायची, मी पुढ्यात वही घेऊन. हलू नको म्हटलं की मुद्दाम नाक खाजवायची. "काढ, आहे तशी काढ. फुकटची मॉडेल मिळालीय तुला," म्हणायची. पेन्सिलीच्या चित्रात पांढरा रंग देत नाहीत. पांढरं हवं तिथं कागद कोरा सोडायचा आणि भोवतीनं छटा भरायची. तिचं कोड मी असंच कोरं सोडत आले.

त्या सगळ्या वह्या मी तिच्या चितेवर ठेवल्या. ज्याची चित्रं त्याच्याबरोबर जावीत, असं त्या दिवशी फार शहाणपणाचं वाटलं होतं. तो निव्वळ वेडेपणा होता. त्याचा पश्चात्ताप मला रोज होतो.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी आमचा अण्णा फोटो घेऊन आला. अण्णा आम्हा दोघींच्या मधला भाऊ. त्याच्या मुलाच्या लग्नात कोणीतरी अक्काचा एक फोटो समोरून काढला होता, अख्ख्या घरात तेवढा एकच. तो त्यानं चिकपेटातल्या दुकानात मोठा करून फ्रेमला दिला होता; मूळ फोटो अजून तिथंच होता. मेट्रोतून सांभाळून आणलेली ती फ्रेम त्यानं टेबलावर ठेवली, वरचा वर्तमानपत्राचा कागद सोडला आणि मी बघतच राहिले. अक्का गोरीपान झाली होती. हनुवटी स्वच्छ.

"किती छान दिसतात अक्का," त्याच्याबरोबर आलेली वहिनी म्हणाली.

"दुकानदारानं विचारलं, डाग काढू का," अण्णा म्हणाला. "मी म्हटलं, सरी, चालेल, काढा. तेवढंच स्वल्प बरं दिसेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "तेवढंच? अरे, मेल्यावर तरी तिला तोंड वळवून उभी करू नका!"

अण्णाचा चेहरा उतरला. "आईला बरं वाटलं असतं," एवढंच पुटपुटून तो बाहेर व्हरांड्यात जाऊन बसला. वहिनी स्वयंपाकघरात गेली.

मी कपाटातून डबा काढला. उद्या हार घालायचा तो या गोऱ्या बाईला घालायचा नाही, एवढंच डोक्यात होतं. वर्षभर पडून राहिलेली बोटं ऐकेनात. कपाळ वाकडं आलं, ते खोडून पुन्हा काढलं. डोळे जमले. नाक तर डोळे मिटूनही आलं असतं. मग मी हनुवटीशी आले आणि अडकले. कोडाची कड मला आठवेना. हनुवटीवर ते गोल होतं की लांबट? गळ्यापर्यंत उतरलं होतं का? शंभर वेळा मी तिथं कागद कोरा सोडला होता, पण दर वेळी ती समोर होती, तिच्याकडे बघूनच सोडला होता. अंदाजानं मी एक लहानसा डाग ठेवला. तो तिचा नव्हता. बाकीच्यांनी तिला लपवलं, पण विसरले तर मी होते. त्या कागदावर डोकं ठेवून मी खूप रडले.

किती वेळ गेला कोण जाणे. अण्णा कॉफी घेऊन आला. मी कागदावर हात ठेवला.

"दाखव," तो म्हणाला.

त्यानं चित्र बराच वेळ बघितलं.

"खाली याच्यापेक्षा मोठं होतं गं," तो म्हणाला. मग स्वतःच्याच हनुवटीवर बोट ठेवून दाखवू लागला. "इथून असं खाली. इथं आत जरा खाच. आणि मग गळ्याकडे ही एवढी शेपटी."

"तुला कसं माहीत?"

अण्णानं कॉफी खाली ठेवली.

"फोटो काढायच्या आधी आई पावडरचा डबा माझ्या हातात द्यायची. आरशात बघून अक्काला नीट जमायचं नाही, म्हणून मी लावायचो. कड जराही दिसली की आई ओरडायची. अक्का डोळे मिटून बसायची, एक शब्द बोलायची नाही. फोटो झाला की मीच ओल्या फडक्यानं पुसायचो. तेव्हा हसायची."

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी तेव्हा फार लहान असणार.

मी खोडरबर घेतलं. तो बोट फिरवून सांगत गेला आणि मी छटा पुसत गेले. "अजून जरा. हां. आता खाच." गळ्याशी आलो तेव्हा अण्णा, जो स्मशानातही रडला नव्हता, तो खुर्चीवर बसून हमसून हमसून रडला. मलाही समोरचं धड दिसत नव्हतं, पण पेन्सिल खाली ठेववेना. मला तिचे खांदे काढायचे होते. मग हात, मग ती सबंध बसलेली.