डाव्या बाजूचा आरसा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. आता तुम्हाला सांगायला बसलेय — तेही नऊ वर्षं होऊन गेल्यावर.

आम्ही पनवेलला राहतो. तेव्हा आमच्या सोसायटीत उभ्या गाड्यांचे भाग चोरीला जायचे. कधी व्हील कॅप, कधी वायपर, एकदा तर कुणी मागचा लोगोच उचकटून नेला. मीटिंगा झाल्या, कॅमेऱ्यांची चर्चा झाली, कॅमेरे काही आले नाहीत. खरं काही केलं ते एकट्या वॉचमनने. बाळारामकाका — इथल्याच गावचे, साठीच्या पुढचे. त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून प्लॅस्टिकचे बंद आणले आणि एकेका गाडीची व्हील कॅप चाकाला बांधून टाकली. कुठे स्क्रू ढिला दिसला की आवळायचे. त्यांना कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही.

आमची गाडी नवी होती. नवरा तिला फार जपायचा. मी लायसन्स काढलं होतं, पण एकटीने गाडी काढायची नाही अशी ताकीद होती. तो तळोज्याला पहिल्या पाळीला गेला की मी कधीमधी काढायचीच. काकांना म्हटलं होतं, "साहेबांना सांगू नका हं."

ते हसले होते. "मी कशाला बोलू, ताई?"

एका शनिवारी दुपारी बाजाराच्या गल्लीत गाडी टेम्पोला घासली. डावा आरसा तुटून वायरीवर लोंबायला लागला. मी — लिहितानाही विश्वास बसत नाही — तो ओढून काढला आणि कचराकुंडीत टाकला. परत येऊन गाडी जागेवर लावली. संध्याकाळी नवरा खाली जाऊन आला, चेहरा उतरलेला. आरसा कुठे गेला? आणि माझ्या तोंडून निघून गेलं — चोरीला गेला असेल.

तिथेच थांबलं असतं तर? पण दुसऱ्या दिवशी रविवार. सगळे खाली जमले. भरदिवसा आरसा जातो म्हणजे काय, वॉचमन काय झोपला होता? कुणीतरी काकांची पिशवी ओढून घेतली आणि सगळ्यांदेखत उलटी केली. जेवणाचा डबा, टॉवेल — आणि स्क्रूड्रायव्हर, पक्कड, प्लॅस्टिकचे बंद.

"बघा! हे बघा!" सेक्रेटरी ओरडले.

ती हत्यारं कशासाठी होती ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. निम्म्या गाड्यांना त्यांनी बांधलेले बंद तसेच होते. कुणी बोललं? मी तरी?

आणि मग एकदम आठवलं. आदल्या दुपारी मी परत आले तेव्हा गेट काकांनीच उघडलं होतं. डाव्या बाजूला उभं राहून. आरसा नाही हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांना सगळं ठाऊक होतं! एका वाक्यात ते सुटले असते. ते माझ्याकडे बघत होते — मी बोलेन म्हणून?

"मी चोर नाय," एवढंच म्हणाले. "बाकी मला काय बोलायचा नाय."

मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिले. भित्री असेन, हे माहीत होतं. पण इतकी? त्याच दिवशी त्यांना काढून टाकलं. सांडलेलं सामान त्यांनी एकेक करून पिशवीत भरलं. नवऱ्याने नवा आरसा बसवला, आणि वर मलाच म्हणाला, जाऊ दे, मनाला लावून घेऊ नकोस.

दोनेक वर्षांनी एसटी स्टँडजवळ काका भेटले. मी नजर चुकवत होते — हाक त्यांनीच मारली. खूप वाळले होते.

"वॉचमनचा काम परत कुठं भेटला नाय," सहज सांगावं तसं म्हणाले. "चोरीचा नाव लागला ना."

आवाजात राग नव्हता. माझ्या हातातली जड पिशवी त्यांनीच उचलून रिक्षात ठेवली. आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं. निदान त्यांच्यापुरतं तरी, तेव्हा बोलता आलं असतं.

मी रिक्षावाल्याला म्हटलं, "चला."