जर्मनीविरुद्ध खो

२०११ च्या जुलैतल्या एका सोमवारी आमच्या जर्मन क्लायंटकडच्या बाई फोनवर फार गप्प होत्या. एरवी कॉल सुरू झाला की त्या आधी पुण्याच्या हवेची चौकशी करायच्या आणि मग आमच्या कामातल्या चुका काढायच्या. त्या दिवशी थेट चुकांपासूनच सुरुवात झाली. शेवटी मी धीर करून विचारलं, "बरं वाटत नाहीये का?"

"जपानने आम्हाला हरवलं," त्या म्हणाल्या. "तेही आमच्याच देशात."

मला वाटलं, एखादं मोठं काम जपानी कंपनीने पळवलं. मी सहानुभूतीने विचारलं, "किंमत कमी लावली का त्यांनी?" मग बाई पहिल्यांदाच हसल्या. त्या बायकांच्या फुटबॉलच्या विश्वचषकाबद्दल बोलत होत्या.

माझ्या शेजारच्या टेबलावर टेस्टिंगमधली एक मणिपूरची मुलगी बसायची. फुटबॉल तिच्या रक्तात होता. पुढे ती आमची कॅप्टन झाली, म्हणून इथेही तिला कॅप्टनच म्हणते. माझा कॉल ऐकून ती खुर्चीवरून उठली आणि दोन्ही हात वर करून नाचली. दुपारी डबा खाताना तिने त्या सामन्याचं रेकॉर्डिंग मला दाखवलं. एकीकडे उंच, ताकदीच्या जर्मन मुली होत्या. त्या जिंकणार हे सगळ्या जगाने गृहीत धरलेलं. दुसरीकडे त्यांच्या खांद्याला लागणाऱ्या जपानी मुली. त्या चेंडू जवळच्या जवळ देत होत्या, दिला की लगेच पळत होत्या, आणि थकायचं नावच घेत नव्हत्या. जादा वेळेत त्यांनी एकच गोल केला आणि तो शेवटपर्यंत जपला. पोळीचा घास माझ्या हातातच राहिला. मला फुटबॉलमधलं ओ का ठो कळत नव्हतं, पण ते पळणं मी ओळखलं. तसं मी स्वतः पळलेले होते.

माझं गाव यवतमाळकडचं, तालुक्याचं. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. आमच्या वस्तीतल्या विहाराच्या मागे एक मोकळं मैदान होतं, आणि शाळेच्या बाई तिथे आम्हाला खो-खो शिकवायच्या. खो-खोला बूट लागत नाहीत, बॅट लागत नाही, फक्त दोन खांब आणि पाय लागतात. मी जिल्ह्यापर्यंत खेळले. बारावीनंतर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. घराण्यातली पहिली पदवी होती ती. गल्लीतल्या बायका मला सोडायला एसटी स्टँडपर्यंत आल्या होत्या. एवढ्या सगळ्यांच्या आशा बरोबर घेऊन गेल्यावर मैदानात वेळ घालवावा असं मला वाटलं नाही. मला कुणी अडवलं नव्हतं. मीच खेळ बाजूला ठेवला, पदवी घेतली, पुण्यात नोकरीला लागले, आणि ज्यांनी इथवर पोचवलं त्यांचे उपकार मानत राहिले. फक्त कधी कधी ऑफिसच्या लांब व्हरांड्यात कुणी नसलं, की मला विनाकारण पळत सुटावंसं वाटायचं.

पुढच्याच रविवारी जपानने अमेरिकेलाही हरवून विश्वचषक जिंकला. सोमवारी कॅप्टनने पँट्रीतल्या फळ्यावर लिहिलं: "महिला फुटबॉल. बुधवार, ऑफिस सुटल्यावर, मागचं मैदान." खराडीतल्या आमच्या इमारतीमागे भाड्याने घेतलेलं एक मुरमाड मैदान होतं. बाकी सगळे दिवस ते पुरुषांच्या क्रिकेटकडे असायचं. बुधवारी त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे उशिरापर्यंत कॉल असायचे, म्हणून तेवढा एक दिवस रिकामा होता.

पहिल्या बुधवारी पुष्कळ जणी आल्या. मुरूम बघून निम्म्या गेल्या, गुडघे फुटल्यावर उरलेल्यांतल्या निम्म्या गेल्या. शेवटी उरलो त्यात कॅप्टन आणि गोलकीपर सोडली तर बाकी सगळ्या मराठी शाळांतून आलेल्या खो-खोच्या मुली निघाल्या. कुणी लातूरची, कुणी साताऱ्याची, कुणी बीडची. गोलकीपर सांगलीची, ती कबड्डीची. ती चेंडू धरायची तो चढाईला आलेल्या मुलीचा पाय धरल्यासारखा, आणि मग सोडायचीच नाही.

मी तेव्हा सदाशिव पेठेत एका काकूंकडे खोली घेऊन राहत होते. त्या बुधवारी मी लंगडत जिना चढले. काकूंनी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"काय हो, कॉम्प्युटरवरून पडलात का?"

"नाही काकू, फुटबॉल खेळले."

"अस्सं. मग ते बूट बाहेर ठेवा. शक्यतो पेठेच्या बाहेर."

आमची एक खोड मात्र काही केल्या जाईना. खो-खोत आपण पाठीमागून खो दिला की ती मुलगी उठून पळते आणि आपण तिच्या जागेवर बसतो. हे इतकं अंगात भिनलेलं असतं की त्याचा विचारही करावा लागत नाही. फुटबॉलमध्ये आम्ही तेच करायला लागलो. चेंडू दिला की तोंडातून "खो!" निघायचं, आणि जिला चेंडू दिला तिची जागा घ्यायला आम्ही धावत सुटायचो. डावीकडची मधे, मधली मागे, मागची पुढे. बीडची तर पहिल्या दिवशी चेंडू देऊन खरोखरच उकिडवी बसली.

कॅप्टन डोक्याला हात लावायची. "अपनी जगह पे रहो! ये क्या संगीत खुर्ची चल रहा है?"

आम्ही माफी मागायचो आणि दोन मिनिटांनी पुन्हा तेच करायचो. तिने महिनोन्‌महिने आमची ही सवय मोडण्यात घालवले. मैदानावर चुन्याने गोल आखून "तू यहाँ, तू वहाँ" असं उभं केलं. दिवाळीनंतर आम्ही बऱ्यापैकी जागेवर राहायला शिकलो. खेळ नीटनेटका झाला, पण का कोण जाणे, पाय जड झाल्यासारखे वाटायचे.

हिवाळ्यात बातमी आली की जर्मन क्लायंटकडची मंडळी पुणे पाहायला आणि बैठकांना येताहेत, आणि त्यांच्यात त्यांच्या ऑफिसची बायकांची फुटबॉल टीमही आहे. त्यातल्या दोघी-तिघी आपल्या गावच्या क्लबातून खेळत होत्या. आमच्या कार्यक्रम समितीच्या साहेबांनी आम्हाला कँटीनमध्ये गाठलं.

"एक मैत्रीपूर्ण सामना ठेवू. तुम्ही छान खेळा, फोटो छान येऊ द्यात. त्यानंतर बुधवारही क्रिकेटला देऊ म्हणतो. तुम्हाला हवं तर झुंबा सुरू करू, आत, एसीत."

आठवड्यातला तो एक तास हातातून जाणार, हे इतक्या सहज सांगितलं जाईल असं मला वाटलं नव्हतं. मी साहेबांशी कधी उलटून बोललेले नव्हते. त्या दिवशी म्हणाले, "सर, जिंकलो तर?"

शेजारच्या टेबलावरची क्रिकेटची मुलं हसली. साहेबही हसले. "जर्मनीला? अहो, जिंकलात तर बुधवार कायमचा तुमचा. हे सगळे साक्षीदार."

त्या रविवारी मी घरी फोन केला.

"जयभीम बाबा."

"जयभीम. काय व, तू म्हणे जर्मनीवाल्याइच्या संग फुटबॉल खेळून रायली?"

"हो बाबा. त्या लई भारी आहेत."

"त्याइले खो-खो येते का?"

"नाही येत."

"मंग तू काहून भेतं?" बाबा म्हणाले आणि फोन आईकडे दिला. आईने एकच विचारलं, बाकीच्या मुली डबा आणतात का.

सामन्याच्या दिवशी दुपारी मैदानाच्या चारी बाजूंनी ऑफिस उभं होतं. सात-सात जणींचा सामना. जर्मन मुली ओळीने उभ्या राहिल्या तेव्हा आमच्या साताऱ्याच्या मुलीने मान वर करून पाहिलं आणि पुटपुटली, "ह्यांना खो द्यायला शिडी लागंल." आम्ही हसलो. फोनवरच्या त्या बाई त्यांच्या कॅप्टन होत्या. मी त्यांना पहिल्यांदाच प्रत्यक्ष पाहत होते. त्यांनी माझा हात हातात घेऊन पुण्याच्या हवेचं कौतुक केलं आणि पाचच मिनिटांत आमच्यावर गोल केला.

पूर्वार्धभर आम्ही शिकवल्याप्रमाणे आपापल्या जागी राहिलो. त्यांनी आम्हाला एकेकीला वाटून घेतलं होतं. मी जिथे असेन तिथे एक उंच सोनेरी वेणी माझ्यापुढे उभी असायची. चेंडू आला की ती नुसता पाय लांब करायची. आमची सांगलीची नसती तर आणखी तीन-चार गोल झाले असते. एकदा तिने चेंडूवर झेप घेतली आणि पोटाखाली धरून अशी पडून राहिली की रेफरींना सांगावं लागलं, "ताई, सोडा आता, झालं." मध्यंतराला आम्ही एका गोलने मागे होतो. साहेब फोटोग्राफरला सांगत होते, "पाहुण्या आणि आपल्या मुली, एकत्र घ्या."

मी कॅप्टनला म्हणाले, "हमको हमारे जैसा खेलने दो."

"मतलब?"

"खो देके. जगह बदलके."

तीच सवय मोडण्यात तिची इतक्या महिन्यांची मेहनत गेली होती. लातूरची म्हणाली, "दीदी, एक-एक के पीछे एक-एक है. हम हिलेंगे तो वो किसके पीछे जाएगी?" कॅप्टनने जर्मन मुलींकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि बाटलीतलं उरलेलं पाणी डोक्यावर ओतलं.

"ठीक है," ती म्हणाली. "लेकिन कोई बैठेगा नहीं!"

उत्तरार्धात पहिला "खो!" बीडच्या मुलीने मला दिला, आणि माझ्या पायांतलं ओझं कुणीतरी उचलून घेतल्यासारखं वाटलं. मी चेंडू देऊन मधे गेले, मधली मागे गेली, मागची सुसाट पुढे. सोनेरी वेणी माझ्यामागे आली. दुसरीही आली, कारण ही जागा तिच्याकडे होती. दोघी माझ्याभोवती, आणि साताऱ्याची पलीकडे मोकळी! कडेने उभे असलेले लोक आधी हसले. "अरे, ह्या खो-खो खेळताहेत!" मग हळूहळू हसणं थांबलं आणि ओरडणं सुरू झालं.

बरोबरीचा गोल असा झाला. मी डावीकडे, पाठ गोलकडे, वेणी पाठीला चिकटलेली. समोरून लातूरची पळत आली. मी चेंडू तिच्या पायात सारला, "खो!" म्हणाले, आणि तिने सोडलेल्या जागेकडे धावले. सवयीने. वेणीही माझ्याबरोबर धावली. लातूरच्या मुलीपुढे कुणीच उरलं नाही. तिने चेंडू जमिनीलगत, कोपऱ्यात मारला. आमच्यापेक्षा क्रिकेटची मुलं जोरात ओरडली.

त्यानंतर जर्मन मुली चिडून खेळल्या, आणि फार सुंदर खेळल्या. पण त्यांना आमच्यात भोक सापडेना. जी जागा सोडून जायची तिच्या जागी दुसरी आधीच पोचलेली असायची. शाळेच्या बाईंनी पट्टी घेऊन आमच्यात हेच बिंबवलं होतं: रिकामी जागा दिसता कामा नये.

सामना संपत आला होता. मैदानाच्या मध्यावर चेंडू कॅप्टनकडे होता आणि मी तिच्या पुढे, तिच्याकडे पाठ करून उभी होते. आणि तिने, महिनोन्‌महिने आमची ती हाक बंद करू पाहणाऱ्या त्या मुलीने, पाठीमागून खणखणीत आवाज दिला:

"खो!"

खो मिळाल्यावर मागे वळून बघायचं नसतं. आधी उठायचं, सुटायचं. मी चेंडू न बघताच सुटले. माझ्याजवळच्या दोघी चेंडू कुठे आहे ते बघायला वळल्या, आणि तेवढ्यात मी पुढे निघून गेले. कॅप्टनचा चेंडू माझ्या खांद्यावरून पुढे पडला, मुरमावर उसळला आणि माझ्या पायाला लागला. बूट होता, नडगी होती की गुडघा, आजही सांगता येणार नाही. त्यांची गोलकीपर एका बाजूला झेपावली आणि चेंडू दुसऱ्या बाजूने घरंगळत आत गेला. तो इतका हळू गेला की तो आत पोचेपर्यंत मी ओरडायलाही घाबरले.

मग शिट्टी वाजली. आम्ही एकमेकींवर कोसळलो. कॅप्टन रडत होती आणि रडता रडता मणिपुरीत काहीतरी बोलत होती. जर्मन बाई आल्या, त्यांनी मला घट्ट मिठी मारली. म्हणाल्या, "आधी जपान, आता तुम्ही. पण निदान तुम्ही काय केलंत ते तरी सांगा." मी माझ्या इंग्रजीत खो-खो समजावून सांगायला लागले. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या, अगदी कॉलवर ऐकायच्या तशा. या वेळी चूक मात्र एकही काढली नाही.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये कुणीतरी म्हणालंच, "सामन्याच्या आदल्या दिवशी पाहुण्यांना मिसळ घातली होती, म्हणून जिंकलात." साताऱ्याची म्हणाली, "मग तुम्ही रोज खाता, तरी तुमची टीम जिंकते की!" साहेबही येऊन बसले. जरा घुटमळले.

"अभिनंदन. ते बुधवारचं मी आपलं गमतीत म्हणालो होतो, तुम्हाला कल्पना असेलच."

आम्ही काही बोलण्याआधी शेजारच्या टेबलावरून क्रिकेटचा कप्तान बोलला. "सर, आम्ही साक्षीदार होतो ना? साक्षीदार बदलत नसतात."

साहेबांनी चहा संपवला. "बरं. कायमचा म्हणजे कायमचा," म्हणाले आणि उठले.

त्या बुधवारी मी मैदानावर पोचले तेव्हा आम्ही सात जणीच नव्हतो. कुंपणापाशी अकाउंट्सच्या, एचआरच्या, नव्याने भरती झालेल्या मुली उभ्या होत्या. कुणी बूट घालून, कुणी चपला हातात धरून. कॅप्टन एकेकीला विचारत होती, पहले क्या खेला है. एक परभणीकडची मुलगी लाजून मागेच राहिली होती. तिला पुढे ओढलं.

"खो-खो?" कॅप्टनने विचारलं.

"नाही दीदी. फक्त लंगडी."

"लंगडी क्या होता है?"

मी एक पाय उचलून मैदानात उड्या मारत दाखवलं. कॅप्टनने माझ्याकडे पाहिलं, त्या मुलीच्या पायांकडे पाहिलं, आणि तिच्याकडे चेंडू सरकवला.

"चलेगा," ती म्हणाली. "पहले बताओ, कौन सा पैर?"