इथे पासवर्ड नाही!

दिवा स्टेशनजवळच्या आमच्या अभ्यासिकेच्या दारावर मी माझ्या हाताने चिकटवलेलं पहिलं पत्रक असं होतं: "इथे पासवर्ड नाही! नेट कुणाच्या बापाचं नाही!" दोन उद्गारचिन्हं. तिसरं मी छापायच्या आधी खोडलेलं, त्याचं अजून वाईट वाटतं.

पत्रकं लिहायची मला सवयच आहे. पाण्यासाठी लिहिलीत, गटारासाठी लिहिलीत. मला राग येतो तोच मुळी अर्ध्या पानात मावेल असा येतो.

अभ्यासिका म्हणजे एक गाळा. इथल्या जुन्या शेतकरी घरातल्या एका काकांनी स्वतःच्या इमारतीतला तळमजल्याचा गाळा आम्हाला असाच वापरायला दिलेला. वर दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर, आणि घरात नेट. ते खाली आणायला आम्ही ॲक्सेस पॉइंट बसवला. पांढरा डबा, दोन शिंगं. काम एवढंच, वरचं नेट घ्यायचं आणि खोलीभर पसरायचं. डबा चालू करताना मोबाइलवर सुरक्षेचा रकाना आला. त्यात सगळ्यात वर पर्याय होता: काहीही नको. मी तो छाती काढून निवडला. इथे प्यायच्या पाण्याला कुलूप, जिन्याला कुलूप, गच्चीला कुलूप. निदान नेट तरी मोकळं!

मग काय, आठ दिवसांत काका गरजले. "काय गो पोरी, किरकेटची म्याच बगाला आख्खी गल्ली माझे जिन्यान बसलीय. मना माझे घरान जावाला वाट नाय!"

मला तर आनंदच झाला. जनता आली होती.

पण आत बसणाऱ्या ताईला आनंद नव्हता. ही ताई सकाळी घरोघरी जाऊन लॅबसाठी रक्ताचे नमुने गोळा करते आणि दुपारी आमच्याकडे अभ्यासाला बसते. कल्याणच्या एका मोठ्या हॉस्पिटलात टेक्निशियनची जागा निघालेली. मुलाखत गुरुवारी तीन वाजता, व्हिडिओवर. तिच्या घरी एका खोलीत सहा माणसं आणि मोबाइलला रेंजची एक काडी. म्हणजे जागा आमचीच, नेट आमचंच. बुधवारी तिने मैत्रिणीला व्हिडिओ लावून बघितला. मैत्रीण "हॅलो" म्हणताना जी गोठली, ती तोंड उघडं ठेवून चार मिनिटं तशीच.

"उद्या असं झालं तर त्यांना वाटेल मलाच बोलता येत नाही," ताई म्हणाली.

माझं डोकं फिरलं. नेटची कंपनीच चोर! मी तिथेच पत्रक लिहिलं, "जनतेचा वेग कोणी खाल्ला?", आणि ते घेऊन थेट कंपनीच्या कोपरीतल्या ऑफिसात धडकले. काउंटरवरची मुलगी माझ्याच वयाची. तिने पत्रक शेवटपर्यंत वाचलं, दोन ठिकाणी मान डोलावली आणि कॉम्प्युटरवर बघून म्हणाली, "मॅडम, लाइन फुल चालू आहे. तुमच्या कनेक्शनवर आत्ता एकेचाळीस मोबाइल आहेत. पासवर्ड ठेवलाय ना?"

मी पत्रक परत मागून घेतलं.

गुरुवारी दुपारी बारा वाजता मी, ताई आणि काका त्या डब्यासमोर उभे होतो. मी अजून तत्त्वावर अडून. "पासवर्ड लावला तर आपल्यात आणि सगळीकडे कुलपं लावणाऱ्या बिल्डरात फरक काय?"

ताई सहसा चढ्या आवाजात बोलत नाही. "अगं, टँकर येतो तेव्हा पाइप रस्त्यावर मोकळा सोडतेस का? नंबरच्या चिठ्ठ्या कोण वाटतं? तूच ना? मधे घुसणाऱ्याचा हंडा मागे कोण ढकलतं?"

मीच. आणि काय जोरात ढकलते!

बस, डोक्यात वीजच चमकली. मोबाइलवर डब्याचं पान उघडलं. सुरक्षेत सगळ्यात नवा, सगळ्यात कडक प्रकार होता डब्ल्यूपीए-थ्री. मी तोच दाबून पासवर्ड टाकला, मला अर्धवट काही जमत नाही. ताईचा जुना मोबाइल जोडायला गेला आणि नाहीच म्हणाला. सव्वा वाजलेला. खाली अजून एक पर्याय होता, टू आणि थ्री दोन्ही. तो निवडला. जोडला! आम्ही दोघी ओरडलो.

पण चित्र अजून अडखळत होतं. मग दिसलं, आपण डबा रिपीटर मोडवर ठेवलाय. म्हणजे वरचं नेट हवेतून झेलायचं आणि हवेतूनच पुढे फेकायचं. झेलाझेलीतच अर्धा दम जातो. ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये थेट वायरीतून मिळतं. वायर कुठून आणायची? काका वर गेले. पाच मिनिटांत गॅलरीतून काळी केबल सरसरत खाली आली, टोकाला वजन म्हणून चाव्यांचा जुडगा बांधलेला. ती खिडकीच्या गजातून आत ओढली, खोचली, मोड बदलला. डबा बंद पडला. सगळे दिवे गेले. ताईने माझा दंड असा धरला की वळ उठला. मग एक हिरवा दिवा. दुसरा. तिसरा!

मैत्रीण पुन्हा व्हिडिओवर आली. हलत होती, हसत होती, मागे तिच्या कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू आली.

जिन्यावरच्या जनतेसाठी मी वेगळं पाहुण्यांचं नेट काढलं. मोकळं, पण वेगाला लगाम घातलेला. आणि या आनंदात धावत कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. अडीचला परत आले तेव्हा हातात शंभर पत्रकं. ताईने एक उचललं.

"हे काय?"

"जाहीर निवेदन. पासवर्ड का लावला, त्याची कारणं."

"आणि खाली हा ठळक छापलाय तो?"

"पासवर्ड. लोकांना कळायला नको?"

काका खुर्चीचा हात धरून हसत सुटले. "टाला लावलास नि चावी गल्लीभर वाटाला निघालीस गो!"

ताईने गठ्ठा माझ्या हातातून काढून घेतला, पासवर्ड स्वतः बदलला, मला सांगितला नाही आणि दार लावून घेतलं.

तीन ते तीन पस्तीस मी दाराबाहेर उभी होते. आतून तिचा आवाज येत होता, सलग, एकदाही न तुटता. मध्ये ती हसलीसुद्धा. माझ्या कुठल्याच सभेत मी इतकी घाबरले नव्हते.

बाहेर आली तेव्हा तिच्या हातात माझी दोन पत्रकं होती. मागच्या कोऱ्या बाजूला तिने त्यांचे प्रश्न उतरवून घेतलेले.

"एक चुकला," ती म्हणाली. "पण सगळं ऐकू गेलं त्यांना. आता नाही घेतलं तर माझ्या उत्तरामुळे, डब्यामुळे नाही."

दारावरचं जुनं पत्रक खळीने असं बसलेलं की निघेना. त्याच्यावरच नव्यातलं एक पाठकोरं पत्रक उलटं चिकटवलं आणि मार्करने लिहिलं: "इथे दोन नेट आहेत. एक सगळ्यांचं, एक अभ्यासाचं. दुसऱ्याचा पासवर्ड आत येऊन, वही उघडून बसल्यावर ताईला विचारा!!!"

तीन. या वेळी एकही खोडलं नाही.