तीन बोटांचं काम

आमच्या शाळेच्या आवारातच अंगणवाडी आहे आणि तिथे रंगूबाई मदतनीस आहे. पोरांना घरोघरून गोळा करून आणायचं, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची, हे तिचं काम. मी पलीकडच्या खोलीत पहिलीला शिकवते. अकरा वर्षं झाली, नाशिकरोडहून दिंडोरीच्या बाजूला रोज स्कूटीवर ये-जा करते. राग माझ्या नाकावर असतो असं माझा नवरा म्हणतो आणि मुलांच्या अक्षराच्या बाबतीत तरी ते खरं आहे.

रंगूबाई मूळची पेठकडची. पंचवीस वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर, देवरामबरोबर, द्राक्षबागेत मजुरीला आली आणि इथलीच झाली. घडातले बारके मणी कात्रीने विरळ करण्यात तिचा हात कोणी धरू शकत नसे. शेजारच्या मण्याला धक्कासुद्धा लागायचा नाही. आजही गावात लग्न ठरलं की गव्हले वळायला पहिलं बोलावणं तिलाच जातं. भिजवलेल्या पिठाची एवढीशी चिमूट अंगठा आणि दोन बोटांत फिरवून गव्हाच्या दाण्याएवढी करायची, तीही सकाळभर, गप्पा मारत. मला पाच मिनिटांत कंटाळा येतो.

दिवाळीनंतर सुरगाण्याकडची कुटुंबं बागांवर कामाला उतरली. त्यात सहा वर्षांची रोशनी होती. तिला माझ्या वर्गात घातलं. ती पेन्सिल मुठीत धरायची, उलथनं धरावं तशी. टोक मोडायचं, कागद फाटायचा. मी तिच्या हातावर हात ठेवून गिरवून घ्यायला बघायचे, तर हात लाकडासारखा ताठ. पोरं हसायची. मी ओरडायचे. आधी पोरांवर आणि मग, खोटं कशाला बोलू, तिच्यावरही.

जानेवारीत ती यायची बंद झाली. मी तिच्या आईला, भागीला, बागेच्या बांधावर गाठलं. हिला लिहिता येत नाही असं तुम्हीच म्हणता ना, मग धाकट्याला तरी सांभाळू दे, असं ती सरळ म्हणाली. धाकटा दहा महिन्यांचा होता. त्याला कडेवर घेऊन रोशनी दिवसभर झोपडीवर राहायची. अशी महिनाभर राहिली की ती पुन्हा शाळेचं तोंड बघणार नाही, हे मला ठाऊक होतं. दरवर्षी एखादी अशी जाते आणि मग फक्त हजेरीपटावर तिचं नाव उरतं.

मी माझ्या परीने उपाय केला. नाशिकहून जाड, तिकोनी पेन्सिलींचा डबा आणला आणि रंगूबाईकडे दिला. सकाळी ती त्या झोपड्यांवरूनच यायची. म्हटलं, हे दाखवून रोशनीला घेऊन या. तिने आणली, पण माझ्या वर्गात नाही, अंगणवाडीत. बाळासाठी कोपऱ्यात झोळीही बांधली.

पंधरा दिवसांनी मी सहज तिकडे डोकावले. एका ताटलीत माझ्या बाराच्या बारा पेन्सिलींचे तुकडे पडले होते. देवरामच्या छाटणीच्या कात्रीने कापलेले, बोटाच्या पेराहून जरा मोठे. माझा तोल गेला. पोरांसमोर, दारातल्या दोन-तीन आयांसमोर मी रंगूबाईला वाट्टेल ते बोलले. तुम्हाला लिहिण्यातलं काय कळतं, हेही तोंडातून गेलं. ती पळी हातात धरून ऐकत राहिली.

"मंग रागवा मॅडम," ती म्हणाली. "आधी तिचा हात बघा."

रोशनी जमिनीवर पालथी पडून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर गोल काढत होती. तुकडा तीन बोटांत होता. मुठीत धरायला त्याला लांबीच नव्हती. गोल वाकडे होते, पण कागद कुठेही फाटला नव्हता. शेजारी परातीत गव्हले वाळत होते, काही वाटाण्याएवढे, काही अगदी बेताचे.

पहिले आठ दिवस रंगूबाईने तिला पेन्सिल दिलीच नव्हती. नुसते गव्हले वळायला लावले, मटकीतले खडे वेचायला लावले. बोटांच्या टोकांत जोर आल्याशिवाय लिहिणार कशाने, असा तिचा साधा हिशेब. पुढचं ती खिचडी हलवता हलवता बोलली.

"दिसभर पोर कडंवर हाय तिच्या. ते पडू नाय म्हून त्याला बांधलेलं फडकं मुठीत आवळून धरती. बोटं सुटी करायला तिला सवड कव्हा भेटली?"

रंगूबाईने स्वतः असेच तीन भाऊ वाढवले होते. शाळा दुसरीत सुटली होती. हे मात्र तिने विचारल्यावर सांगितलं.

मला फार लाज वाटली. अकरा वर्षं मी पेन्सिलीचं टोक बघत आले होते, त्यामागचा हात बघितलाच नव्हता. जिथे बोलले होते तिथेच, त्याच आयांसमोर, मी तिची माफी मागितली. खिचडी लागेल, सरका, असं म्हणून तिने मला बाजूला केलं.

त्यानंतर मधल्या सुट्टीत मी रोज रोशनीजवळ बसायचे, तोंड मिटून. माझ्यासाठी ते सोपं काम नव्हतं. फेब्रुवारीच्या शेवटी तिने पाटीवर आपलं नाव लिहिलं. मी म्हटलं, उद्यापासून वर्गात.

नेमकी त्याच दुपारी भागी आली. काढणी सुरू झाली होती, उद्यापासून काम अंधार पडेपर्यंत चालणार होतं, दुपारी बाळाला न्यायला तिला येता येणार नव्हतं. अंगणवाडी दुपारीच सुटते, म्हणून आता रोशनी बाळाला घेऊन झोपडीवरच राहील, एवढं सांगायला ती आली होती. मी घाईघाईने तिच्यापुढे पाटी धरली. लेकीचं नाव बघितल्यावर सगळं आपोआप सुटेल, असं मला खरंच वाटत होतं. भागीने त्या अक्षरांवरून हलकेच बोट फिरवलं. तिचे डोळे भरून आले.

"लय चांगलं काढलंय," ती म्हणाली आणि बाळाकडे वळली. "पन याला कोन धरील?"

रंगूबाई हात पुसत पुढे आली आणि रोशनीच्या कडेवरचं बाळ तिने आपल्या कडेवर घेतलं.

"मी धरीन. सांजच्याला माझ्या घरून ने."

रोशनी आईच्या तोंडाकडे बघत उभी होती. मग भागीनेच मानेने खूण केली, जा. पोरगी अंगण ओलांडून माझ्या वर्गाकडे निघाली. दोन्ही हात मोकळे सोडून चालताना मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.