बाही कोपरापर्यंत

टेक्सासमध्ये प्लेनोला राहायला आल्यावर तिसऱ्या वर्षी थोरलीला शाळेच्या डान्सला जायचं होतं. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. वडिलांकडे गेली तर ते म्हणाले, "आईला विचार." मी अटी कागदावर लिहून फ्रिजवर लावल्या. मैत्रिणींबरोबर जायचं. दहाला घरी. ड्रेस मी शिवणार. बाही कोपरापर्यंत.

तीन अटी तिनं उभ्या उभ्या मान्य केल्या. चौथीपाशी थांबली.

"आई, नोबडी वेअर्स स्लीव्ह्ज."

"नोबडी म्हणजे किती जणी?"

"मंडे नाइटला टीव्हीवर अवॉर्ड्स आहेत. तूच काउंट कर. स्लीव्ह्जवाल्या जास्त निघाल्या तर मी घालीन. प्रॉमिस."

मोजून ठरणारी गोष्ट मला नेहमीच बरी वाटते. मी हो म्हटलं.

सोमवारी जेवणं लवकर उरकली. आठ वाजता मी धुतलेल्या कपड्यांची टोपली, वही आणि पेन्सिल घेऊन सोफ्यावर बसले. थोरली खाली गालिच्यावर बसली. हे पेपर वाचत होते. सिनेमावाल्यांचा तो बक्षीस समारंभ मी त्याआधी कधी पुरता पाहिला नव्हता. बायका गाडीतून उतरत, हात हलवत, आत जात. कोणाचं काय काम गाजलं ते मला ठाऊक नव्हतं, त्यामुळे लक्ष कपड्यांवर नीट राहिलं. वहीत मधोमध रेघ मारून डावीकडे बाही, उजवीकडे बिनबाही असे रकाने केले. खांद्यांत भरपूर भर घालायची फॅशन होती तेव्हा. पुष्कळ झगे बेतायला चांगले आणि चालायला वाईट होते.

पहिल्या तासात उजवा रकाना पुढे होता.

"सी?" थोरली म्हणाली.

"अजून कार्यक्रम आहे."

एकीला बक्षीस मिळालं. ती पायऱ्या चढताना पडद्यावर तिची आई दाखवली. सगळे टाळ्या वाजवत होते, पण त्या बाईची नजर मुलीच्या खांद्यावरून घसरणाऱ्या पट्टीवर होती. दोन बोटांनी ती स्वतःच्या खांद्यावर खूण करत होती, वर घे म्हणून. मुलगी देवाचे, दिग्दर्शकाचे आणि आईचे आभार मानत राहिली. पट्टी काही तिनं वर घेतली नाही. मी उजवीकडे एक रेघ मारली.

मग एक गाणारी आली. तिच्या हातांवर खांद्यापासून मनगटापर्यंत काळी जाळी होती. मी रेघ डावीकडे मारली.

"आई, दॅट्स नेट. स्किन दिसतेय."

"मुंढ्याला जोडलीय ना? शिवावी लागते, म्हणजे बाही."

"डॅडी, सांगा ना हिला."

"कोर्टात मला ओढू नका," हे पेपरामागून म्हणाले.

पुढे बिनबाहीच्या झग्यावर आखूड कोट घातलेली एक जण आली. तिलाही मी डावीकडे घातलं. या वेळी थोरलीनं फक्त वहीकडे बघितलं. दहाला, शाळा आहे म्हणून, टीव्ही बंद केला. बाहीवाल्या चौदा, बिनबाहीवाल्या तेरा.

"ओके," ती म्हणाली आणि झोपायला गेली. कपड्यांच्या घड्या घालता घालता मला कळत होतं की कोट म्हणजे काही बाही नव्हे. पण आकडा वहीत लिहून झाला होता.

निळं सॅटिन आणलं. दोन शनिवार शिवण चाललं. डान्सच्या दिवशी मी दारात तिचे चार फोटो काढले. बाही बरोबर कोपरापर्यंत होती. दहाला पाच मिनिटं कमी असताना ती अंगात मैत्रिणीचं जॅकेट घालून परत आली आणि सरळ खोलीत गेली.

सकाळी शिवणाच्या मशीनवर दोन निळ्या बाह्या ठेवलेल्या होत्या, घडी करून. शेजारी खुर्चीवर ड्रेस. मी बाह्यांच्या जागचे मुंढे उजेडात धरून पाहिले. टाके एकेक करून उसवले होते, कापड कुठंही ओढलं गेलं नव्हतं.

ती दुधात सीरियल घालून खात होती.

"कुठं उसवल्यास?"

"मैत्रिणीच्या घरी. जायच्या आधी." चमचा खाली ठेवून ती म्हणाली, "प्रॉमिस केलं होतं, आय नो. पण तो कोट होता, आई."

"हो," मी म्हटलं. "कोटच होता."

तिनं मान वर करून पाहिलं. मी ड्रेस उलटा करत होते.

"मुंढ्याच्या कडांचे दोरे निघतायत. असा धुतलास तर संपला."

"मग?"

"कडेला उरेब पट्टी लावते. थंडी नाही वाजली?"

"वाजली ना. स्कूलच्या जिममध्ये एसी फुल होता. सगळ्याच कुडकुडत होतो."

मी बाह्या उलगडून मशीनवर पसरल्या आणि त्यांतूनच तिरक्या पट्ट्या कापायला घेतल्या.