जोडायचं राहिलं होतं

मंडळाची वेबसाइट नव्याने करायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण कोलकात्यातल्या आमच्या छोट्याशा मराठी मंडळात आयटीतली अशी मी एकटीच होते. दिवसभर न्यू टाउनच्या ऑफिसात हेच करायचं आणि बालीगंजला घरी येऊन पुन्हा हेच. नाही म्हणायलाही त्राण लागतं. ते नव्हतं, म्हणून हो म्हटलं.

मंडळाचे सचिव म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक काका. बदलीवर आले आणि इथेच राहिले. काकू दर रविवारी मुलांचा मराठीचा वर्ग घेत. माझी मुलगी 'ळ' म्हणायला त्यांच्याकडेच शिकली.

काकांची अट एकच होती. "सूचना टाकायला दर वेळी तुझ्या मागे लागायला नको. मी लिहीन, बटण दाबीन, दिसली पाहिजे." व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर सुप्रभातांच्या ढिगात सूचना कुणी वाचत नसे, त्यामुळे सगळं साइटवरच बघायचं असं ठरलं होतं.

मी दोन गोष्टी निवडल्या. एक हेडलेस सीएमएस, म्हणजे काकांनी लिहायची जागा. ती फक्त मजकूर सांभाळते, लोकांना दाखवत नाही. दुसरा स्टॅटिक साइट जनरेटर. तो मजकूर उचलून सगळी पानं एकदम तयार करून ठेवतो. मध्ये एक दुवा लागतो: काकांनी 'प्रकाशित करा' दाबलं की सीएमएसने जनरेटरला निरोप द्यायचा, नवीन मजकूर आलाय, पानं पुन्हा कर.

तो निरोप मी जोडलाच नाही. तासाभराचं काम, पण त्याच आठवड्यात ऑफिसात एक मोठं काम अंगावर आलं. येत्या रविवारी करू म्हणत मी रोज सकाळी चहा ठेवला की लॅपटॉप उघडून पानं स्वतःच तयार करून टाकायची. काकांना वाटायचं, बटणाने होतं.

"जरा वेळ घेतं का गं हे?" त्यांनी एकदा विचारलं.

"थोडा घेतं," मी म्हटलं. असे तीन महिने गेले.

मग काका-काकूंनी कायमचं पुण्याला, मुलाकडे जायचं ठरवलं. परीक्षांमुळे वर्ग महिनाभर बंद होता. जाण्याआधी मुलांना एकदा घरी बोलवावं, शेवटचा वर्ग घ्यावा, असं काकूंच्या मनात आलं. काकांनी गुरुवारी सूचना लिहिली: रविवारी सकाळी दहा वाजता, आमच्या घरी. त्या तीन दिवसांत मी घरी येऊन नुसती पडायची. सकाळी उठले की कॅब दारात. मंडळाचं काही उघडलंच नाही.

रविवारी अकराच्या सुमाराला काकांचा फोन आला. "अगं, मुलीला बरं नाही का?"

"बरी आहे की. का?"

"वर्गाला आली नाही म्हणून. कुणीच आलं नाही."

कुठला वर्ग, हे विचारायच्या आधीच माझ्या लक्षात आलं. तशीच चपला घालून निघाले.

त्यांच्या घरात खोकी बांधून ठेवलेली होती. मधल्या मोकळ्या जागेत दोन चटया अंथरलेल्या. काकू इस्त्रीची साडी नेसून खुर्चीत बसल्या होत्या, शेजारी शंकरपाळ्यांचा डबा. काका चष्मा कपाळावर चढवून कॉम्प्युटरपुढे.

"माझंच काहीतरी चुकलं असणार," ते म्हणाले. "गुरुवारपासून चार वेळा दाबलं. वेळ घेतं म्हणाली होतीस, म्हणून वाटलं, येईल. तुला ऑफिसच्या दिवशी कशाला त्रास द्यायचा, म्हणून विचारलं नाही."

मी सगळं सांगितलं. बटणाने कधीच काही होत नव्हतं, रोज मीच करत होते, आणि या वेळी राहिलं.

काकांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पडद्यावरचं ते बटण पुन्हा बघितलं. काकू म्हणाल्या, "दमलीस तर दमले म्हणावं. लपवायचं कशाला? मी घरोघरी फोन केले असते."

त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी तिथेच बसले. जनरेटर ज्या पत्त्यावर निरोप ऐकतो तो पत्ता सीएमएसमध्ये घातला आणि काकांना बटण दाबायला सांगितलं. काम सुरू झालं आणि मध्येच थांबलं. गुरुवारनंतरच्या खटपटीत काकांकडून एका जुन्या सूचनेतली तारीख पुसली गेली होती. एक रकाना रिकामा राहिला की सगळी पानं अडतात. ती शोधून काकांनी तारीख भरली, पुन्हा दाबलं. दोन मिनिटांनी सूचना त्यांच्या फोनवर दिसली.

"आली," ते म्हणाले. तेव्हा दीड वाजला होता.

घरी येऊन मी एकेका घरी फोन केला. चूक माझी, असं प्रत्येकाला सांगितलं आणि वर्ग आता बुधवारी आहे हेही कळवलं. बुधवारी संध्याकाळी चार मुलं आली, माझी मुलगी धरून. पूर्वी बारा यायची. काकूंनी प्रत्येकाकडून आजी-आजोबांना एक पोस्टकार्ड लिहून घेतलं, वेलांट्या स्वतः तपासल्या. एका मुलाने पत्ता बंगालीत लिहिला. तो त्यांनी तसाच ठेवला.

शनिवारी आम्ही दोघी त्यांना पोचवायला हावड्याला गेलो. डब्याच्या दारातून काका म्हणाले, "पुण्याहून लिहिलं तरी दिसेल ना?"

"दिसेल."

काकूंनी माझ्या मुलीचा गाल कुरवाळला आणि आत जाऊन खिडकीशी बसल्या. गाडी सुटल्यावर आम्ही नदी ओलांडायला लाँच घेतली. बसायला जागा मिळाली. मुलगी पाण्याकडे बघत बंगालीत काहीतरी पुटपुटत होती. मराठीत बोल, असं मी एरवी म्हटलं असतं. त्या दिवशी डोळे मिटून बसून राहिले.